चाकाखालची लिंबं

प्रमोदिनी अक्काची गाडी अर्धी कापून पबच्या भिंतीत बसवणार आहेत, हे मला आमच्या दुकानात कळलं. बंगळूरच्या शिवाजीनगरात स्पेअर पार्टचं दुकान आहे, तिथं मी काउंटरला असते. दोघंजण आले. एकानं विचारलं, मॉरिस मायनरचे पुढचे दिवे आहेत का, जुने असले तरी चालतील, आतून बल्ब पेटला की झालं.

मी म्हणलं, "गाडीला लावणार का देव्हाऱ्याला?"

"भिंतीला," तो म्हणाला. एका म्हातारीची गाडी मिळतेय. तोंडाकडचं अर्धं कापायचं, भिंतीत बसवायचं, बॉनेटमधनं बिअरचे नळ काढायचे. लोक शेजारी उभं राहून फोटो काढतील.

अख्ख्या शिवाजीनगरात मॉरिस मायनर असलेली म्हातारी मला एकच ठाऊक होती. दिवे माळ्यावर होते. मी सांगितलं, नाहीत. मग शेठला पोट दुखतंय म्हणून सांगितलं आणि लूना काढून सरळ वठारात आले.

वठार म्हणजे एका अंगणाभोवती ओळीनं घरं आणि मध्ये एक नळ. त्या नळावर दिवसभर मराठी, कानडी, तमिळ सगळं एकत्र वाहतं. आमचं घर नळाला लागून, अक्काचं कोपऱ्यात. आमच्या लोकांना इथं येऊन इतक्या पिढ्या झाल्या की पुण्याच्या माणसाला आमचं मराठी ऐकून हसू येतं. येऊ दे.

अक्का सगळ्यांची अक्का. माझी आई तिला अक्का म्हणते, मी पण अक्काच म्हणते, पोस्टमन पण अक्काच म्हणतो. लग्न केलं नाही. के. आर. पुरमकडच्या टेलिफोन फॅक्टरीत कॉइल गुंडाळायच्या खात्यात आयुष्य काढलं, गेल्या वर्षी रिटायर झाली. अजून पहिल्या शिफ्टच्या वेळेला उठते. साडी घोट्याच्या वर एक वीत, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि पायरीवर येऊन बसते. फॅक्टरीची बस आता तिच्यासाठी थांबत नाही, हे तिला माहीत आहे. तरी बस गेल्याशिवाय चहा घेत नाही.

मी नववीत दुसऱ्यांदा नापास झाले आणि शाळा सोडली, तेव्हा अप्पा माझ्याशी बोलायचे बंद झाले आणि आई नवस बोलायला लागली. अक्का एवढंच म्हणाली, "सरी," म्हणजे कानडीत ठीक आहे. "उद्यापासून सकाळी उठून काय करणार, तेवढं सांग." मला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी तिनंच मला दुकानात नेऊन उभं केलं. शेठला म्हणाली, पोरगी भांडकुदळ आहे, काउंटरला बरी पडेल. तेव्हापासून अक्काबद्दल कोणी वाकडं बोललं तर मी त्याचं तोंड सरळ करते.

त्या दिवशी ती पायरीवर बसून गवार मोडत होती.

"अक्का, मायनर विकली?"

"कोण म्हणालं?"

"बिअरवाला."

तिनं आणखी दोन-चार शेंगा मोडल्या. "अजून नाही," म्हणाली.

झालं होतं असं. गाडी उभी होती ती शेड आमच्या घरमालकाची, त्रिविक्रमची, वठाराच्या मागच्या बाजूला. त्याला तिथं दुकानगाळे बांधायचे होते. विजयादशमीचा मुहूर्त, त्या दिवशी सकाळी पहिली कुदळ पडणार. तोवर गाडी हलवायला हवी. आणि अक्काचा भाचा अभिराज, म्हणजे तिच्या भावाचा मुलगा, त्यानं ते पबवाले शोधून आणले होते. अभिराज इलेक्ट्रॉनिक सिटीत कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. लहानपणी आई गेली म्हणून अक्कानंच त्याला वाढवला. वाईट नाही तो. फक्त सगळ्या गोष्टींचा लगेच निकाल लावायची त्याला घाई असते.

रविवारी तो आला. बरोबर त्याची बायको आर्या, पुण्याची. मी आधीच जाऊन बसले होते.

"आत्ते, सोळा वर्षं उभी आहे ती," अभिराज म्हणाला. "तिच्यात आता गाडी उरलेली नाही. नुसतं लोखंड आहे."

"मग तो पबवाला लोखंड कशाला घेतोय?" अक्कानं विचारलं.

"शोभेला."

"मग तुलाच उभा करू की भिंतीत," मी म्हणलं. "तू पण दिसायला बरा आहेस."

"स्मिता, तू मध्ये बोलू नकोस."

"मध्ये कुठं, कडेला बसून बोलतेय."

आर्याला हसू आलं, तिनं ते पदरात... म्हणजे ओढणीत लपवलं. मला ती तिथंच आवडली.

अभिराज म्हणाला, "आत्ते, मला काय ती गाडी नकोय का? पण भाग्याक्काच्या अंगणात नेऊन टाकायची आणि तिथं पुन्हा सोळा वर्षं गंजू द्यायची, त्यापेक्षा..."

भाग्याक्का म्हणजे भाग्यलक्ष्मी, अक्काची फॅक्टरीतली मैत्रीण. तिचं के. आर. पुरमला घर आहे, पुढं अंगण आहे, आणि तिनं निरोप पाठवला होता की आण गाडी, जागा रिकामी पडलीय.

अक्कानं चष्मा काढून पुसला. "सरी," म्हणाली. "आयुधपूजेला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, ती शेडमधनं आपल्या पायानं बाहेर आली, तर ती भाग्याकडं जाईल आणि तू परत हा विषय काढायचा नाहीस. नाही आली, तर तुझा माणूस करवत घेऊन येऊ दे. मी बघायला येणार नाही."

"आपल्या पायानं म्हणजे? ढकलून नाही."

"ढकलून नाही."

"नक्की?"

"अभि, मी तुला कधी एक बोलून दुसरं केलंय?"

नव्हतंच केलं कधी.

आता ती गाडी काय आहे ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल एवढा काय जीव अडकलाय. अक्का चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून घराला पुरवत आली. दोन भावांची शिक्षणं, बहिणीचं लग्न, आईचं औषध, सगळं त्या कॉइलींवर. स्वतःसाठी घेतलं ते एकच. फॅक्टरीतला एक अँग्लो-इंडियन फोरमन ऑस्ट्रेलियाला निघाला, त्याची करड्या रंगाची मॉरिस मायनर. त्याच्याकडनंच चालवायला शिकली. घरी कळलं तेव्हा तिची आई म्हणाली, बाईमाणसानं स्टेअरिंग धरलं तर कोण लग्न करणार? अक्का म्हणाली, आत्ता तरी कोण करतंय.

मग वर्षानुवर्षं ती गाडी शिवाजीनगरहून निघायची, वाटेत तीन मैत्रिणींना घ्यायची आणि जुन्या मद्रास रोडनं फॅक्टरीला जायची. सायकलवरचे पुरुष कामगार वळून वळून बघायचे. प्रत्येकीचं काम ठरलेलं. एक मागचं दार धरून बसायची, कारण ते उघडायचं. म्हणजे दार नव्हे, काच, ती खाली पडायची. त्या मायनरला दारं दोनच, ते मला पण नंतर कळलं. भाग्याक्काचं काम सगळ्यांत मोठं. गाडी मध्येच दम टाकायची, टिन फॅक्टरीच्या चौकातल्या गर्दीत तर हमखास, कारण तिचा पेट्रोल पंप अडकायचा. किल्ली फिरवली की तो पंप टिकटिक टिकटिक करतो, भरला की गप्प बसतो. टिकटिक झाली नाही की समजायचं, अडकला. मग भाग्याक्का खाली उतरायची, बॉनेट उघडायची, पायातली चप्पल काढून टाचेनं पंपाला एक हाणायची. टिकटिक सुरू. एकदा फॅक्टरीच्या मोठ्या साहेबाच्या गाडीपुढंच हे झालं. साहेब म्हणाला, काय करताय? भाग्याक्का म्हणाली, "सर्व्हिसिंग."

मग अक्काच्या आईला लकवा झाला. अक्कानं रात्रपाळी घेतली, त्या पाळीला फॅक्टरीची बस दारात यायची. गाडी एक आठवडा शेडमध्ये लावू म्हणाली. आई सात-आठ वर्षं अंथरुणात होती. ती गेली तोवर टायर बसले होते, बॅटरी गेली होती, आणि अभिराज कॉलेजला जायला लागला होता. आठवडा काही संपला नाही.

पण एक होतं. दरवर्षी आयुधपूजेला अक्का शेड उघडायची. आमच्याकडं बंगळूरला त्या दिवशी सायकलपासून लॉरीपर्यंत प्रत्येक गाडी धुतात, हार घालतात, केळीचे खुंट बांधतात, चाकांखाली लिंबं ठेवतात. पूजा झाली की गाडी पुढं घ्यायची, लिंबं चिरडली की वर्षभराची नजर गेली. अक्का सगळं करायची. धुवायची, कुंकू लावायची, चारी चाकांखाली लिंबं ठेवायची. फक्त गाडी पुढं जायची नाही. लिंबं तशीच राहायची.

सोमवारी आम्ही शेड उघडली तेव्हा ती लिंबं मी बघितली. काळी, सुपारीसारखी कडक, चाकाला चिकटून. मी एक लाथेनं उडवलं तर अक्का म्हणाली, "राहू दे." ती तिनं स्वतः वेचून बाजूला ठेवली.

मेकॅनिक मी मल्लाप्पाला आणला. आमच्या दुकानातनं सामान नेतो, म्हातारा आहे, जुन्या गाड्यांवर हात बसलाय, आणि तोंडात सदा पान. तो बोलतो कानडीच, मी मराठीत सांगते. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, पुढं हँडल घालून ओढून बघितलं, आणि म्हणाला, "जाम."

"म्हणजे?" अक्कानं विचारलं.

"म्हणजे माझा गुडघा जसा सकाळी असतो तशी. तेल पाजू. हलली तर हलली."

त्यानं चारी प्लग काढले, भोकांतनं डिझेल आणि तेल एकत्र करून ओतलं आणि सांगितलं, रोज संध्याकाळी हँडल ओढून बघा, जोर नका लावू, नाहीतर आतलं काहीतरी मोडेल. मला जोर नका लावू म्हणणं म्हणजे काय. पहिल्या दिवशी मी हँडलला लोंबकळले. अक्कानं माझी वेणी धरून मागं ओढलं. "नववी नापास, तो काय म्हणाला ऐकलं ना?"

"ऐकलं. पटलं नाही."

रोज संध्याकाळी दुकान बंद करून मी यायची. अक्का हँडल धरायची, नुसतं धरायची, जसा कोणाचा हात धरावा तसा, आणि हळू दाब द्यायची. काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. मी म्हणायची, मी करू? ती म्हणायची, नको. मग एक दिवस अक्काचे डोळे एकदम मोठे झाले. म्हणाली, "स्मिता, बघ ग." मी धरलं. बोटभर हललं होतं. जास्त नाही. पण लोखंड हललं की हाताला कळतं. अक्का तिथंच बॉनेटला टेकून उभी राहिली आणि उगाचच घड्याळाला चावी देत बसली.

बाकीचं सामान मी गुजरीतनं आणलं. गुजरी म्हणजे आमचा भंगार बाजार, तिथं रेल्वेच्या इंजिनाचा पण तुकडा मिळेल, फक्त मागायची पद्धत यायला पाहिजे. ब्रेक चारी चाकांचे धरून बसले होते, ते उघडून आतली रबरं बदलली. पेट्रोलची टाकी काढली, आतलं पेट्रोल काकवीसारखं झालं होतं. टाकीत बारीक खडी आणि रॉकेल घालून मी आणि अक्कानं दोन बाजूंनी धरून हलवलं, पाळणा हलवतात तसं. आईनं खिडकीतनं विचारलं, कोणाचं बारसं? अक्का म्हणाली, नाव ठेवायला ये.

मल्लाप्पानं पंप पण उघडून साफ केला. म्हणाला, आतले पॉइंट झिजलेत, नवीन कुठं मिळणार, आहे त्यावर चालेल तोवर चालेल.

आणि मग वायरिंग. तिथं घोळ झाला.

मल्लाप्पानं हवेचा फिल्टर काढला आणि आत हात घातला. मूठभर काहीतरी बाहेर काढलं. कापूस, सुतळी, वायरींचे कुरतडलेले तुकडे, आणि तांदूळ. पिवळे तांदूळ. आणि चुरमुरे. त्यानं तळहात माझ्यापुढं धरला.

"उंदराचं घर. इथं, इथं, आणि डायनामोच्या मागं. सगळी वायर खाल्लीय. पण हे चुरमुरे इंजिनात कुठून आले? उंदीर काय बाजारात गेला होता?"

मी अक्काकडं बघितलं. अक्का त्या पिवळ्या तांदळांकडं बघत होती.

"मीच घालायचे," ती म्हणाली. "दरवर्षी. अक्षता, चुरमुरे, गुळाचा खडा. फॅक्टरीत आम्ही मशीनवरच ठेवायचो ना. पूजा मशीनची, तर प्रसाद मशीनवर."

फॅक्टरीत दुसऱ्या दिवशी मशीन चालू व्हायचं, झाडूवाली येऊन सगळं साफ करायची. इथं अक्का प्रसाद ठेवून, हात जोडून, बॉनेट बंद करायची. एका वर्षासाठी. उंदरांचा तर दसरा वर्षभर.

मल्लाप्पा हसायला लागला आणि पानामुळं त्याला ठसका लागला. मला पण हसू येत होतं, पण अक्काचं तोंड बघितलं आणि गेलं. ती जाऊन ओट्यावर बसली.

"सोळा वर्षं मला वाटत होतं मी तिला जपतेय," म्हणाली. "मीच खायला घातली."

मला गोड बोलायला येत नाही. मी तिच्याशेजारी बसले. म्हणलं, "अक्का, उंदीर गणपतीचं वाहन आहे. तुमच्या वाहनानं त्याच्या वाहनाला सोळा वर्षं जेवू घातलं. कुठंतरी लिहून ठेवलं असेल."

तिनं माझ्या डोक्यात टपली मारली. पण उठली नाही. तिथनंच म्हणाली, "मल्लाप्पा, वायर किती लागेल?"

"नवी सगळी. पण माझे डोळे आता बारीक जोडाला चालत नाहीत. दुसरा माणूस बघावा लागेल."

"माणूस कशाला?" अक्का म्हणाली.

घरी गेली, झाळणीची, म्हणजे सोल्डरिंगची, पेटी घेऊन आली, चष्मा नाकावर खाली ओढला आणि गाडीत डोकं घालून बसली. मी वायर कापून द्यायची, रंग सांगायची, मल्लाप्पा कुठली कुठं जाते ते सांगायचा, ती जोडायची. जोड घालताना ती तोंडानं बारीक आवाज काढते, च्यक, च्यक, एक झाला की एक. ओट्यावर बसलेली बाई आणि ही बाई एकच आहे असं वाटत नव्हतं. शनिवारी अभिराज इन्शुरन्सचे कागद घेऊन आला. ते त्यानं आपणहून केलं होतं, कोणी सांगितलं नव्हतं. गाडीखालून अक्काचे पाय बाहेर दिसत होते. तो बराच वेळ त्या पायांकडं बघत उभा राहिला.

"कागद कशाला आणलेस?" मी म्हणलं. "भिंतीचा इन्शुरन्स काढतात का?"

"तुझी जीभ आहे की पटाशी?" तो म्हणाला आणि कागद माझ्या हातात देऊन गेला.

पूजेच्या आदल्या दिवशी दुपारी इंजिन चालू झालं. आधी खोकलं, मग शिंकलं, मग सायलेन्सरमधनं धडाधड काळे तांदूळ आणि करपलेले चुरमुरे उडाले. मागं त्रिविक्रम उभा होता, त्याच्या पांढऱ्या शर्टावर सगळा प्रसाद. शेडभर खिचडी करपल्याचा वास. मल्लाप्पा म्हणाला, "उंदराचं शेवटचं जेवण." अक्का स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसली होती. पुढं बघत होती, जसा काही समोर मद्रास रोडच आहे. मी म्हणलं, काढा की बाहेर. ती म्हणाली, "उद्या. उद्या म्हणालेय." आणि किल्ली फिरवून बंद केलं.

मला तेव्हाच राग आला होता. चालू आहे तर काढावी ना. पण अक्काचं उद्या म्हणजे उद्या.

पूजेच्या दिवशी सकाळी शेडपुढं सगळे जमले. गाडी धुऊन झेंडूचे हार, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट, काचेवर गंधाचे पट्टे, बॉनेटवर हळदकुंकू. इंजिनावर या वेळी काही नाही, प्रसाद ताटात. पुढं पाटावर सगळी हत्यारं मांडलेली. अक्काचे पक्कड, स्क्रूड्रायव्हर, झाळणी, मल्लाप्पानं तिथं ठेवलेले पाने, माझ्या आईची विळी, आणि मी आणलेला हातोडा. सगळ्यांना कुंकू. त्या दिवशी हत्यार म्हणजे देव. एकदा मांडलं की दुसऱ्या दिवशीची पूजा होईपर्यंत उचलायचं नाही. ड्रायव्हर असो, न्हावी असो, कोणीही. मल्लाप्पा तर आंघोळ करून, पांढरा पंचा नेसून पाहुण्यासारखा आला होता. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याची नखं स्वच्छ बघितली.

भाग्याक्का के. आर. पुरमहून बसनं आली. गुडघे गेलेत, पण तोंड शाबूत. गाडीकडं बघून म्हणाली, "प्रमोदा, ही म्हातारी झाली की ग."

"आणि तू?"

"मी पहिल्यापासनंच अशी आहे."

अभिराज आणि आर्या आले. अभिराजनं कोहळा ओवाळला, फोडला. अक्कानं चारी चाकांखाली हिरवी ताजी लिंबं ठेवली, एकेक, वाकून. मग गाडीत बसली. भाग्याक्का तिच्या डावीकडं, जुन्या जागेवर. अक्कानं किल्ली फिरवली.

लाल दिवा लागला. टिकटिक नाही.

परत फिरवली. दिवा आहे, टिकटिक नाही. सेल्फ मारला, इंजिन घरघर फिरलं, पेट्रोलच नाही तर पेटणार काय. पुन्हा. पुन्हा. घरघर पण हळू व्हायला लागली.

"बस कर," मल्लाप्पा म्हणाला. "बॅटरी जाईल."

"मग उघड की पंप," मी म्हणलं.

त्यानं पाटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आज नाही. उद्या सकाळी पूजा उतरली की पहिलं हेच काम."

"उद्या सकाळी इथं कुदळ पडणार आहे."

"मग त्रिविक्रमला सांग. मला सांगू नको. चाळीस वर्षांत आजच्या दिवशी पाना धरला नाही, आज धरला तर उद्या तो पाना मला धरेल."

त्रिविक्रम म्हणाला मुहूर्त बदलता येणार नाही, माणसं सांगून ठेवलीत. त्याचा शर्ट नवा होता, पण कालचं तो विसरला नव्हता. अभिराज खाली बघत होता. मला वाटलं आता आनंद झाला असेल याला, पण त्याचं तोंड तसं नव्हतं.

मी अक्काच्या खिडकीशी गेले. हळू म्हणलं, "ढकलते मी. शेडमधनं उतारच आहे. कोण बघतंय?"

"सगळे बघतायत."

"मग आपण म्हणू ढकलून स्टार्ट केली. इंजिनावरच चालली ना."

"ढकलणं म्हणजे ढकलणं."

"अक्का, ते करवत घेऊन येतील."

"येऊ देत," ती म्हणाली. स्टेअरिंगवरचा हात काढला नाही. "मी बोललेय, स्मिता."

मला सहन झालं नाही. मी पाटाकडं गेले. पाप लागलं तर मला लागेल, नववी नापासला आणखी काय व्हायचंय. हातोड्याला हात घातला तोच अक्का गाडीतनं उतरून आली आणि माझं मनगट धरलं. जोरात नाही. त्या हँडलसारखं.

"माझ्यासाठी नको," म्हणाली.

तेवढ्यात गाडीचं दुसरं दार उघडलं. भाग्याक्का गुडघ्यावर हात ठेवून, अय्यो अय्यो करत उतरली, पुढं गेली आणि बॉनेट वर केलं. आणि सवयीनं खाली वाकून पायातली चप्पल काढली.

"भाग्या," अक्का म्हणाली. "कुंकू लावलंय तिला."

भाग्याक्का चप्पल हातात धरून थांबली. "मग आता?"

खरंच, मग आता? पूजा केलेल्या गाडीला चप्पल लावायची नाही. हत्यार उचलायचं नाही. हातानं मारून बघितलं अभिराजनं, हो, अभिराजनंच, बाही सरकवून. हात चोळत मागं आला. पंप गप्प.

मी इकडं तिकडं बघत होते. ताटात नारळ होता. फोडायचा राहिलेला, घाईत. शेंडी सोडून सोललेला, टणक. मी तो उचलला.

"मल्लाप्पा, हे हत्यार आहे का?"

मल्लाप्पानं पान एका गालातनं दुसऱ्या गालात घेतलं. त्रिविक्रमकडं बघितलं, अभिराजकडं बघितलं. विचार केला. "नारळ फळ आहे," म्हणाला. "त्याला कोणी पाना म्हणत नाही."

"आणि गाडीपुढं तो फोडायचाच असतो ना?"

"फोडायचाच असतो."

मी तो भाग्याक्काच्या हातात दिला. तिचंच काम ते. अक्का परत जाऊन बसली, किल्ली फिरवली. लाल दिवा. भाग्याक्कानं नारळ कानाशी नेऊन एकदा हलवला, का ते तिलाच माहीत, आणि पंपाच्या कुशीत बरोब्बर हाणला.

टिक.

भाग्याक्कानं नारळ पुन्हा उचलला.

तिनं आणखी एक दिला. टिक. टिकटिक. टिकटिक टिकटिक टिकटिक. मग भरला आणि गप्प बसला, शहाण्यासारखा. अक्कानं सेल्फ मारला. घर्र, घर्र, आणि पेटलं. भाग्याक्का म्हणाली, "सर्व्हिसिंग झालं," आणि बॉनेट खाली आपटलं.

आर्यानं टाळ्या वाजवल्या आणि मग एकटीच वाजवतेय म्हणून थांबली. अभिराज गाडीच्या समोर उभा होता. अक्कानं हॉर्न दिला. हॉर्न आहे हे मी विसरलेच होते, बदकासारखा आवाज. "अभि, बाजूला हो," ती म्हणाली. तो बाजूला झाला. दोन्ही हात वर करून झाला, पोलिसासारखं, पुढचा रस्ता मोकळा करत.

गाडी हलली. आधी पुढची दोन लिंबं गेली. फच्च, फच्च. मग मागची. इतका बारीक आवाज, पण सगळ्यांनी ऐकला, कारण सगळे त्यासाठीच कान देऊन होते. अक्का गाडी शेडच्या बाहेर घेऊन आली, उन्हात, आणि थांबली. इंजिन चालूच. दार उघडून मागं वळून जमिनीकडं बघितलं. चार ओले डाग, चार चिरडलेली सालं. बघत राहिली. मग चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला आणि दार ओढून घेतलं.

"स्मिता, बसतेस का इथंच उभी राहतेस?"

मी मागं घुसले. अभिराज आणि आर्या त्यांच्या मारुतीत मागनं येणार होते. मल्लाप्पा म्हणाला, चालवा, पण चाळीसच्या वर नेऊ नका, आणि उद्या पूजा उतरली की मी येतो पंप बघायला. त्रिविक्रमनं स्वतः फाटक उघडलं.

रस्त्यावर सगळ्या गाड्यांना हार होते. बसला, ऑटोला, सायकलला. आमच्यासारखी फक्त आमचीच. सिग्नलला एका ऑटोवाल्यानं वाकून विचारलं, "अक्का, कुठलं मॉडेल?" अक्का म्हणाली, "माझं."

अल्सूर मागं पडलं. मी अक्काला पहिल्यांदा गाडी चालवताना बघत होते. गिअर बदलताना तोंडानं बारीक आवाज काढते, च्यक. भाग्याक्का खिडकीतनं हात बाहेर काढून बसली होती, जणू काल संध्याकाळीच फॅक्टरीतनं सुटलेत. एका बस स्टॉपपाशी अक्का सवयीनं गाडी हळू करायला लागली. तिथनं त्या तिसऱ्या मैत्रिणीला घ्यायच्या. दोघींनी एकमेकींकडं बघितलं आणि अक्कानं परत वेग दिला.

नारळ माझ्या मांडीवर होता. त्याला एक बारीक चीर गेली होती, पाणी झिरपून माझ्या सलवारवर आलं. मी विचारलं, "आता फोडू का हा? खाऊन टाकू."

भाग्याक्का मागं न वळता म्हणाली, "गप बस. मांडीवरच ठेव. अजून टिन फॅक्टरी यायचीय."